गुरू हवा की शिक्षक?

सकाळी सहाच्या सुमारास विलेपार्ले पूर्वेला एक फेरी मारली, तर निम्मे पार्ले श्वास आत घेत आहे आणि उरलेले निम्मे तो बाहेर सोडत आहे, असे वाटल्यावाचून राहत नाही. इमारतींच्या गच्च्यांवर सतरंज्या अंथरलेल्या असतात. मैदानाच्या कडेने कपालभातीचे फूत्कार ऐकू येतात. बागेत दोन्ही हात वर करून मोठमोठ्याने हसणारी ज्येष्ठ मंडळी दिसतात. (या हास्ययोगाचा पहिला वर्ग १९९५ साली डॉ. मदन कटारिया यांनी आपल्या शेजारच्या अंधेरीतल्या एका बागेत पाच माणसांना घेऊन भरविला होता. आज तो जगभर पसरला आहे.) तळमजल्यावरच्या एखाद्या खिडकीतून दूरचित्रवाणीवरील योगगुरूंचा आवाज येत असतो, आणि पेपरवाले, दूधवाले व पोळ्या करणाऱ्या बायका तो आवाज ऐकत जिने चढत असतात.

हे दृश्य वाईट आहे काय? मुळीच नाही. या लेखाचे शीर्षक वाचून कुणाला वाटेल की, आता एक एकोणीस वर्षांची मुलगी योगाची टिंगल करणार. तसे काही करण्याचा माझा विचार नाही. उलट मध्यमवर्ग योगाकडे एवढ्या ओढीने का जातो, हे समजून घेतल्याशिवाय पुढे बोलण्यात अर्थ नाही, असे मला वाटते.

मध्यमवर्गीय माणसाची दिनचर्या पाहावी. सकाळी लोकलमध्ये लोंबकळत जायचे, दिवसभर खुर्चीवर बसायचे, संध्याकाळी पुन्हा लोंबकळत यायचे. चाळिशी आली की रक्तदाब आणि पन्नाशी आली की मधुमेह, हे जणू ठरलेलेच. पूर्वी गल्लीत एक फॅमिली डॉक्टर असे. आजोबांपासून नातवापर्यंत सर्वांची प्रकृती त्यांना तोंडपाठ असे. आता तपासण्यांची लांबलचक यादी असते आणि तिच्याहून लांब बिल असते. त्यात पार्ल्यातल्या कितीतरी घरांतली मुले परदेशी गेलेली. मागे उरलेल्या दोन वृद्ध जिवांना सकाळी गच्चीवर चार माणसे भेटतात, नाव घेऊन कुणी चौकशी करते, हेच निम्मे औषध होते. योगाला यंत्र लागत नाही, मैदान लागत नाही, महागडे बूट लागत नाहीत. शिवाय ही आपली विद्या आहे, असा अभिमानही त्यात असतो. एवढी सगळी कारणे असताना लोक योगाकडे न जाते तरच नवल.

तेव्हा आक्षेप योगाला नाही. आक्षेप आहे तो योग शिकविणाऱ्या शिक्षकाची जागा आपण हळूहळू काढून घेतली आणि तिथे गुरूला बसविले, याला. हे दोन शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो. परंतु त्यांत मोठे अंतर पडले आहे, आणि ते किती पडले हे पाहायचे असेल तर फार लांब जायला नको. पार्ल्याच्या पुढचे स्टेशन गाठले तरी पुरे.

सांताक्रूझ पूर्वेला प्रभात कॉलनीत 'द योगा इन्स्टिट्यूट' ही संस्था आहे. तिचे संस्थापक श्री योगेंद्र. त्यांचे मूळचे नाव मणिभाई हरिभाई देसाई. गुजरातेतून मुंबईला सेंट झेवियर्स कॉलेजात शिकायला आलेला हा तरुण परमहंस माधवदासजी या वृद्ध योग्याच्या सहवासात आला आणि कॉलेज सोडून त्यांच्याकडे राहिला. पुढे २५ डिसेंबर १९१८ रोजी त्यांनी वर्सोव्याच्या समुद्रकाठी ही संस्था स्थापन केली. त्या वेळी त्यांचे वय होते अवघे एकवीस, म्हणजे आपल्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठे. संस्था सांताक्रूझला आली ती १९४८ साली. योगेंद्रांनी केलेली खरी क्रांती अशी की, योग हा गुहेत बसणाऱ्या संन्याशाचा नसून नोकरी करणाऱ्या, संसार करणाऱ्या माणसाचाही आहे, असे त्यांनी मानले. ते स्वतः गृहस्थाश्रमात राहिले. त्यांच्या पत्नी सीतादेवी यांनी १९३०च्या दशकात स्त्रियांसाठी योगाचे पुस्तक लिहिले. ज्या काळात बाईने व्यायाम करणे म्हणजे आक्रीत समजत, त्या काळातली ही गोष्ट आहे.

माधवदासजींचे दुसरे शिष्य म्हणजे स्वामी कुवलयानंद, अर्थात जगन्नाथ गणेश गुणे. अमळनेरला राष्ट्रीय शिक्षणाच्या कामात ते अध्यापन करीत. १९२४ साली त्यांनी लोणावळ्यास कैवल्यधामची स्थापना केली आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू केले. त्यांचा ध्यास एकच होता : योगाविषयी जे सांगितले जाते ते तपासून पाहायचे. नौली करताना पोटात नेमके काय घडते, हे त्यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने आणि दाब मोजणारी उपकरणे वापरून पाहिले. नौलीच्या वेळी आतड्यात अंशतः निर्वात स्थिती निर्माण होते, असे त्यांना आढळले. या निर्वाताला त्यांनी नाव दिले ते आपल्या गुरूचे, माधवदासांचे.

या एका उदाहरणात मला फार मोठा अर्थ दिसतो. गुरूचा आदर आणि गुरूने दिलेल्या विद्येची तपासणी या दोन गोष्टी एकमेकींच्या शत्रू नाहीत. किंबहुना, ज्याने तपासले त्याच्याच हातून गुरूचे नाव प्रयोगशाळेत पोचले. आणखी एक गोष्ट. प्राणायामाने शरीराला जास्त प्राणवायू मिळतो, असे आजही प्रत्येक गच्चीवर सांगितले जाते. प्राणायामाचे मोल त्या जादा प्राणवायूत आहे, ही समजूत खुद्द कुवलयानंदांनी मानली नव्हती. त्याचे मोल दुसरीकडे आहे, असे त्यांचे म्हणणे होते. स्वतः प्राणायाम शिकविणारा माणूस प्राणायामाची खोटी स्तुती नाकारतो! अशा माणसाला शिक्षक म्हणतात.

पुण्यात १९३७ साली शिकविण्यासाठी आलेले आणि २०१४ साली मृत्यू येईपर्यंत तिथेच राहिलेले बी. के. एस. अय्यंगार हे वेगळ्या स्वभावाचे, कडक. परंतु त्यांचीही ख्याती कशासाठी? विद्यार्थ्याचा गुडघा कुठे वळला, खांदा कुठे उचलला, हे त्यांच्या नजरेतून सुटत नसे. ज्याला वाकता येत नाही त्याच्यासाठी त्यांनी दोर, पट्टे, लाकडी ठोकळे, खुर्च्या वापरात आणल्या. माणसाला आसनात कोंबण्याऐवजी आसन माणसापर्यंत आणले. ठाण्याची घंटाळी मित्र मंडळ, सदाशिव निंबाळकरांची योग विद्या निकेतन यांसारख्या संस्थांनी पुढे हेच काम घरोघरीच्या कार्यकर्त्यांकरवी केले. बँकेत नोकरी करणारा किंवा शाळेत शिकविणारा माणूस सकाळी तासभर योग शिकवी आणि साडेनऊची गाडी पकडी. त्याच्या तसबिरीला कुणी हार घातला नाही, आणि घालावा असे त्यालाही वाटले नाही.

मग बदल कुठे झाला? माझ्या मते, तो दूरचित्रवाणीच्या पडद्यावर झाला. २०००नंतर धार्मिक वाहिन्या आल्या. त्यांवर पहाटे योगशिबिरे दिसू लागली आणि बाबा रामदेव यांचे नाव घराघरांत पोचले. लाखो लोकांनी आयुष्यात पहिल्यांदा हातपाय हलविले. त्याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. परंतु पडद्यावरच्या शिकवणीत एक उलटापालट होते. वर्गात शिक्षक विद्यार्थ्याकडे पाहतो. पडद्यासमोर विद्यार्थी गुरूकडे पाहतो, आणि गुरूला तो दिसतच नाही. चूक दाखविणारा कुणी उरत नाही, उरते ते दर्शन. संयुक्त राष्ट्रसंघाने डिसेंबर २०१४मध्ये २१ जून हा योगदिन म्हणून मान्य केला आणि पुढल्या वर्षी दिल्लीच्या राजपथावर ३५,९८५ माणसांनी एकत्र आसने केली. विक्रम म्हणून ते ठीकच आहे. पण इतक्या माणसांपैकी कुणाचा गुडघा दुखतो आहे, हे व्यासपीठावरून कोण पाहणार?

दर्शनाच्या मागोमाग दुकान येते. २००६ साली पतंजली आयुर्वेद ही कंपनी निघाली आणि पाहता पाहता साबण, तूप, दंतमंजन, बिस्किटे असा तिचा पसारा वाढला. ज्या महर्षींच्या नावाने हे सारे चालते, त्यांच्या योगसूत्रांत सुमारे १९५ सूत्रे आहेत आणि त्यांपैकी आसनांविषयी थेट सांगणारी जेमतेम तीन. बाकीचा ग्रंथ मनाविषयी आहे. अपरिग्रह, म्हणजे गरजेपेक्षा जास्त साठवू नये, हा तर त्यातल्या यमांपैकीच एक. असो. धंदा करणे हा गुन्हा नव्हे. परंतु रोग समूळ बरे करण्याचे दावे जाहिरातींतून होऊ लागले, तेव्हा प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २०२४ साली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल या कंपनीला आणि तिच्या प्रमुखांना वृत्तपत्रांतून जाहीर माफी मागावी लागली. ती न्यायालयाने पुढे स्वीकारली व अवमानाचे प्रकरण मिटले. मधुमेह, रक्तदाब अशा रोगांवर हमखास उपाय असल्याची जाहिरात करण्यास मनाई करणारा कायदा आपल्या देशात १९५४ सालापासून आहे, ही गोष्ट आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक होती? मला तरी नव्हती. ती कळायला घरात एक प्रसंग घडावा लागला.

तो प्रसंग येथे सांगावा की नाही, याचा मी बराच विचार केला. परंतु तो टाळून हा लेख लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल.

माझे वडील पार्ल्यातल्या एका सोसायटीत वॉचमन आहेत. सगळे त्यांना 'मामा' म्हणतात. त्या सोसायटीच्या गच्चीवर सकाळी योगवर्ग भरतो. सहाला गच्चीचे कुलूप उघडायचे काम वडिलांचे. कुलूप उघडून ते दारातच थांबत आणि पाहत. असे पाहून पाहून ते आसने शिकले. रात्रपाळी संपवून घरी आले की आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत आईची भांडी बाजूला सारून ते भुजंगासन करीत. आई म्हणे, "अहो, चहा तरी घ्या आधी." तर ते म्हणत, "उपाशीपोटीच करायचं असतं. साहेब लोक तसंच करतात." त्या वाक्यातला आनंद मला आजही आठवतो. योगाने त्यांना केवळ व्यायाम दिला नव्हता; ज्या दाराचे कुलूप ते रोज दुसऱ्यांसाठी उघडीत, त्याच्या आत आपणही आहोत, असे त्यांना वाटू लागले होते. मध्यमवर्ग जे करतो ते खालचा वर्ग आदर्श मानून उचलतो. म्हणून मध्यमवर्गाची जबाबदारी मोठी असते, हे माझे म्हणणे येथून आलेले आहे.

वडिलांना मधुमेह आहे. दूरचित्रवाणीवरील एका शिबिरात त्यांनी ऐकले की, रोज अमुक इतका वेळ प्राणायाम केला तर गोळ्या सुटतात. शिबिर कुणाचे, हे येथे महत्त्वाचे नाही. वडिलांनी कुणाला न सांगता गोळ्या बंद केल्या. दीड महिन्यानंतर पायाला झालेली लहानशी जखम चिघळली. महापालिकेच्या रुग्णालयात अठरा दिवस काढावे लागले आणि उजव्या पायाची करंगळी गेली.

हेही मी कदाचित लिहिले नसते. मला लिहायला लावले ते वडिलांच्या एका वाक्याने. रुग्णालयात मी रागाने त्या शिबिराविषयी बोलू लागले, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "त्यांचं काय चुकलं? माझंच मन लागलं नसंल. रात्रपाळीचा माणूस मी, नेम कुठं पाळला जातो?"

शिक्षक आणि गुरू यांतला फरक मला त्या दिवशी कळला. आजचा गुरू ज्या तऱ्हेने आपल्यापुढे उभा केला जातो, त्यात त्याचा उपाय कधी चुकतच नाही. चुकतो तो शिष्य. बरे वाटले तर गुरूची कृपा, न वाटले तर आपली श्रद्धा कमी पडली. दोन्ही बाजूंनी गुरू सुरक्षित. शिक्षकाचे तसे नसते. विद्यार्थ्याला गणित आले नाही तर चांगला शिक्षक आपली रीत तपासतो. कुवलयानंदांनी क्ष-किरण यंत्रापुढे उभी केली ती शिष्याची श्रद्धा नव्हे, तर क्रिया. जी गोष्ट चुकीची ठरू शकते, तीच तपासता येते. आणि जी तपासता येते, तिच्यावरच शहाण्या माणसाने आपली प्रकृती सोपवावी.

यावर दोन आक्षेप घेतले जातील, हे मला माहीत आहे. पहिला असा की, गुरुभक्ती ही आपली परंपरा आहे आणि पुस्तकी शिक्षणाने आम्ही ती विसरलो. परंतु आपल्या परंपरेत केवळ भक्ती नाही. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनीचे वर्णन किती तपशिलाने आले आहे! ते जाणणारे ज्ञानेश्वर सामान्य माणसाला भक्तीची सोपी वाट दाखवितात. योगाच्या चमत्काराने त्याचे डोळे दिपवीत नाहीत. भोंदू गुरूंवर तुकोबांनी ओढलेले कोरडे तर सर्वांना ठाऊक आहेत. प्रश्न विचारणे ही आपल्याकडे बाहेरून आलेली खोड नाही. याच महाराष्ट्रात डॉ. नरेंद्र दाभोलकरांची २०१३ साली हत्या झाली आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. या दोन्ही गोष्टी आपल्याच आहेत : एक आपली लाज, दुसरी आपली पुंजी.

दुसरा आक्षेप अधिक खरा आहे. डॉक्टर तरी कुठे नीट बोलतात? ओ.पी.डी.त चार तास रांगेत उभे राहिल्यावर दोन मिनिटे मिळतात, आणि त्या दोन मिनिटांत मान वर होत नाही. पडद्यावरचा गुरू निदान हसतो, 'करा, जमेल' म्हणतो, रोज सकाळी त्याच वेळी येतो. वडिलांनी गोळीपेक्षा त्या हसण्यावर विश्वास ठेवला, यात त्यांचा दोष किती? हा आक्षेप मला मान्य आहे. माणसाला धीर हवा असतो, आणि जिथे तो मिळतो तिथे माणूस जातो. म्हणूनच गुरूंना नुसती नावे ठेवून भागणार नाही. पुरेसे डॉक्टर, पुरेसा वेळ आणि चार आपुलकीचे शब्द सार्वजनिक रुग्णालयात मिळाले, तर गुरूंचे निम्मे गिऱ्हाईक आपोआप कमी होईल.

शेवटी आपल्या कॉलेजाविषयी थोडे. गुरूंच्या पायांशी बसणाऱ्यांना हसणे सोपे आहे. पण आपण काय करतो? तयार नोट्स मागतो. 'परीक्षेला काय येईल तेवढेच सांगा' म्हणतो. वर्षभरात वर्गात किती प्रश्न विचारले, हे प्रत्येकाने मोजावे. माझ्यासारख्या, घरात पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढलेल्या मुलीला तर मान डोलावण्याचा मोह जास्तच होतो. प्रश्न विचारला आणि तो वेडगळ ठरला तर, ही भीती असते. पण वडील आजारी पडल्यापासून मला दुसरी भीती जास्त वाटू लागली आहे. न विचारलेला प्रश्नही कधीकधी महागात पडतो. प्राध्यापकांनाही एक नम्र विनंती आहे : आमच्या वेडगळ प्रश्नांना हसू नये. ज्याला वर्गात हसले जाते, तो पुढे आयुष्यभर मान डोलावणाऱ्यांत जाऊन बसतो.

आणि एक सूचना. आपल्याकडे २१ जूनला जिमखान्यातर्फे योगदिन साजरा होतो, छायाचित्रे निघतात आणि सतरंज्या पुढल्या जूनपर्यंत गुंडाळून ठेवल्या जातात. त्याऐवजी आठवड्यातून एक तास, पंचवीस जणांचाच, परंतु वर्षभर चालणारा वर्ग सुरू करावा. सांताक्रूझ काही लांब नाही, शिक्षक मिळतील. शिक्षक निवडताना एकच गोष्ट विचारावी : 'सर, योगाने काय होत नाही?' जो याचे सरळ उत्तर देईल, त्याला बोलवावे. त्या वर्गात कॉलेजचे शिपाई आणि वॉचमन यांनाही बसू द्यावे. कुलूप उघडून त्यांना दारात उभे राहावे लागू नये.

माझे वडील पुन्हा कामावर जातात. आसनेही करतात, आणि मला त्याचा आनंद आहे. त्यांची पाठ त्यामुळे कमी दुखते, असे ते सांगतात. फक्त आता सकाळी आधी गोळी, मग न्याहारी, आणि भुजंगासन संध्याकाळी कामावर निघण्यापूर्वी. परवा ते मला म्हणाले, "डॉक्टरांना विचारून ये, शीर्षासन केलं तर चालंल का?" मी विचारले. डॉक्टर 'नको' म्हणाले आणि का नको तेही त्यांनी समजावून सांगितले. वडिलांनी ते ऐकून घेतले आणि मग आणखी दोन प्रश्न विचारून घ्यायला मला परत पाठविले.